हललेल्या फोटोची गोष्ट

घरातला जुना अल्बम काढून पाहा. लग्नाचे, बारशाचे, मुंजीचे फोटो. त्यात एखादा तरी फोटो असा सापडतो, की ज्यात सगळे आहेत, पण कुणाचाच चेहरा धड दिसत नाही. नाकाला दोन कडा, समईच्या ज्योतीची रेघ झालेली. आपण म्हणतो, 'फोटो हलला.' खरं तर हललेला असतो तो हात. पण तोवर रोल संपलेला असतो, पाहुणे गेलेले असतात आणि तो क्षण काही परत येणार नसतो. म्हणून हललेला फोटोही आपण टाकून देत नाही. अल्बमच्या शेवटच्या पानावर का होईना, चिकटवून ठेवतो.

हा हलणारा हात सांभाळायचा कुणी? पुढच्या लेन्सने, की मागच्या कॅमेऱ्याने? वरवर पाहता हा प्रश्न कारखान्यातल्या इंजिनिअरांचा वाटतो. पण या एका प्रश्नावर जपानी कॅमेरा कंपन्यांमध्ये १९९५ पासून २०२० पर्यंत, म्हणजे चांगली पंचवीस वर्षं मतभेद चालले. आणि तुमच्या-आमच्या कपाटातली जुनी लेन्स उपयोगाची राहणार की अडगळीत जाणार, हेही बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरलं. ती हकीगत आज सांगायची आहे.

फोटोग्राफीच्या आरंभी, म्हणजे १८३९ च्या सुमाराला, छायाचित्रकाराच्या हाताचा प्रश्नच नव्हता. कॅमेरा तिपाईवर असे आणि एक चित्र उमटायला काही मिनिटंसुद्धा लागत. हलायचं नाही ते समोरच्या माणसाने! त्याचं डोकं स्थिर राहावं म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. त्या काळच्या फोटोतली माणसं इतकी गंभीर का दिसतात, याचं एक कारण हा टेकू आहे. पुढे १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. आत शंभर फोटोंचा रोल भरलेला आणि कॅमेरा हातात धरायचा. फोटोग्राफी सर्वसामान्यांच्या हातात आली, आणि हातात आली तशी हाताबरोबर हलूही लागली.

आपला हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. श्वास चालू असतो, नाडी चालू असते, स्नायू सतत तोल सावरत असतात. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडलं, तर तेवढ्या वेळात हात फारसा सरकत नाही. पण संध्याकाळ झाली, माजघरात फोटो काढायचा झाला, की उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तिथे हात दगा देतो. जुन्या फोटोग्राफरांचा यावर एक ठोकताळा असे. लेन्सची फोकल लेंग्थ जितके मिलिमीटर, सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षा जास्त वेळ हाताने फोटो काढू नये. म्हणजे पन्नासची लेन्स असेल तर एक-पन्नासांश सेकंद, तीनशेची असेल तर एक-तीनशेांश.

या ठोकताळ्यामागे साधं गणित आहे. समजा, कॅमेरा एका अंशाच्या दहाव्या भागाइतका कलला. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समधून पडणारी प्रतिमा त्यामुळे सुमारे ०.०९ मिलिमीटर सरकते. पाचशेच्या लेन्समध्ये तेवढ्याच कलण्याने ती सुमारे ०.९ मिलिमीटर सरकते. दूरचं जवळ आणणारी लेन्स आपल्या हाताची थरथरही तितक्याच पटीने वाढवून दाखवते. हे आकडे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं भांडण त्यांच्यावरच आहे.

माझे एक काका हौशी फोटोग्राफर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आखातातल्या एका नातेवाइकाने त्यांना मिनोल्टाचा कॅमेरा आणि पन्नास मिलिमीटरची लेन्स आणून दिली होती. घरातला प्रत्येक समारंभ काका टिपायचे. बटण दाबण्यापूर्वी भिंतीला पाठ टेकायची, कोपर पोटाशी घट्ट धरायचं, अर्धा श्वास सोडायचा आणि मग थांबायचं. आम्हा मुलांना ते एखाद्या नेमबाजासारखे वाटत. साठी उलटल्यावर त्यांच्या हाताला बारीक कंप सुटला. मग त्यांनी घरातल्या घरात फोटो काढणं हळूहळू बंदच केलं. कॅमेरा कपाटात गेला. "आता हात राहिला नाही," एवढंच ते म्हणायचे.

हात राहिला नाही तर यंत्राने तो सावरावा, ही कल्पना मात्र तोवर जन्माला आली होती. सिनेमावाल्यांनी आधी वाट काढली. साठच्या दशकात हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश संशोधकाने डायनालेन्स नावाचं उपकरण बनवलं. दोन काचांच्या मध्ये द्रव भरलेला एक प्रिझम, आणि कॅमेरा हलला की त्या काचा उलट दिशेला कलून प्रकाशाचा किरण जागेवर आणायच्या. या कामाबद्दल त्यांना ऑस्करच्या अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. सत्तरच्या दशकात गॅरेट ब्राउन यांनी स्टेडिकॅम तयार केला. त्यात अख्खा कॅमेराच अंगावर बांधलेल्या स्प्रिंगच्या हाताला तोलून धरलेला असे. पण ही साधनं मोठी आणि महाग होती. घरगुती कॅमेऱ्यात ती मावणार नव्हती.

घरगुती कॅमेऱ्याची सोय जपानमध्ये झाली. मात्सुशिता कंपनीतले संशोधक मित्सुआकी ओशिमा हे मोटारीला दिशा दाखवणाऱ्या यंत्रासाठी कंपन पावणाऱ्या छोट्या जायरोस्कोपवर काम करत होते. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी हवाईत सुटीवर असताना, चालत्या गाडीतून चित्रण करणाऱ्या मित्राची तारांबळ त्यांनी पाहिली. जो जायरो गाडीचं वळण ओळखतो, तो हाताचं वळण का ओळखणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यातून १९८८ मध्ये पॅनासोनिकचा पीव्ही-४६० हा व्हिडिओ कॅमेरा आला. घरगुती वापरासाठीचा, कंप सावरणारा तो पहिला व्हिडिओ कॅमेरा. कोडॅकच्या कॅमेऱ्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती!

यानंतर फोटोच्या कॅमेऱ्याची पाळी होती. १९९४ मध्ये निकॉनने झूम ७००व्हीआर हा छोटा कॅमेरा आणला. १९९५ मध्ये कॅननने एसएलआर कॅमेऱ्यासाठी ७५ ते ३०० मिलिमीटरची लेन्स आणली. बदलता येणारी, कंप सावरणारी ही पहिली लेन्स. तिची रचना थोडक्यात अशी. लेन्सच्या आत दोन छोटे जायरो सेन्सर. एक वरखाली होणारं कलणं मोजतो, दुसरा डावं-उजवं. ती माहिती लेन्समधल्या चिपला मिळते आणि विद्युतचुंबकाच्या जोरावर आतल्या भिंगांचा एक गट उलट बाजूला किंचित सरकतो. हात डावीकडे गेला तरी प्रतिमा जिथल्या तिथे. कॅननचा दावा दोन स्टॉपचा होता. एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट, दोन स्टॉप म्हणजे चौपट. तीनशेच्या लेन्सला जिथे एक-तीनशेांश सेकंद हवा होता, तिथे एक-पंचाहत्तरांश सेकंदही चालू लागला.

आता कुणी विचारेल, ही सगळी यंत्रणा लेन्समध्येच का घातली? कॅमेऱ्यात एकदाच घातली असती तर प्रत्येक लेन्समध्ये वेगळी घालावी लागली नसती. याचं उत्तर एका शब्दाचं आहे – फिल्म. फिल्मची पट्टी एका बाजूच्या डबीतून निघून दुसऱ्या बाजूच्या फिरकीवर गुंडाळली जाते आणि मागून एका पट्टीने सपाट दाबून धरलेली असते. ती सेकंदाच्या बारीक भागात इकडून तिकडे सरकवणार कशी? कॉन्टॅक्सने १९९६ मध्ये एएक्स नावाचा एक कॅमेरा काढला होता. त्यात फोकस साधण्यासाठी फिल्मचा आख्खा कप्पाच आत पुढेमागे सरके. पण त्यापायी कॅमेरा चांगलाच जाडजूड झाला होता, आणि ते सरकणं होतं फोकसपुरतं. हाताच्या कंपाशी बरोबरी करणं ही त्याहून फार वेगळी गोष्ट. थोडक्यात, यंत्रणा लेन्समध्ये गेली त्यामागे सर्वोत्तम जागा कोणती याचा निवाडा नव्हता. त्या काळात दुसरी जागा शिल्लकच नव्हती.

डिजिटल कॅमेरा आला आणि ती जागा मोकळी झाली. फिल्मच्या ठिकाणी आता नखाएवढी किंवा पोस्टाच्या तिकिटाएवढी सेन्सरची चकती होती. ती सरकवता येणं शक्य होतं. हे प्रथम करून दाखवलं मिनोल्टाने. २००३ मध्ये आलेल्या डायमाज ए१ या कॅमेऱ्यात सेन्सरच एका हलत्या चौकटीवर बसवला होता. त्याच वर्षी मिनोल्टा आणि कोनिका या कंपन्या एकत्र झाल्या आणि २००४ मध्ये लेन्स बदलता येणाऱ्या, कोनिका मिनोल्टाच्या ७डी या डिजिटल एसएलआरमध्ये हीच युक्ती आली.

या ठिकाणी मिनोल्टाचा पूर्वेतिहास थोडा सांगायला हवा. १९८५ मध्ये याच कंपनीने ७००० हा ऑटोफोकसची यंत्रणा बॉडीतच बसवलेला एसएलआर कॅमेरा आणून सगळ्या बाजाराची दिशा बदलली होती. पुढे त्याच ऑटोफोकसच्या पेटंटवरून अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीने दावा लावला आणि १९९२ मध्ये मिनोल्टाला तडजोडीपोटी १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजावे लागले. पण १९८५ साली लेन्स बसवण्यासाठी जी खाच ठरवली, ती कंपनीने बदलली नाही. त्यामुळे २००४ च्या ७डीवर १९८५ ची लेन्स बसत होती. आणि नुसती बसत नव्हती, तर स्थिर होत होती! ज्या लेन्समध्ये ना जायरो, ना चुंबक, ती लेन्स वीस वर्षांनी एकाएकी कंप सावरणारी झाली. एखाद्या जुन्या वाड्यात नव्याने वीज यावी, तसं हे होतं.

या कल्पनेचं श्रेय मात्र त्या कंपनीला फार दिवस उपभोगता आलं नाही. जानेवारी २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्यांच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. एसएलआरचं तंत्रज्ञान सोनीकडे गेलं. सोनीने त्याच वर्षी अल्फा १०० हा कॅमेरा आणला. त्यातही खाच तीच होती आणि सरकता सेन्सरही होता. २००६ मध्येच पेंटॅक्सने के१००डी आणला. त्याला १९७५ पासूनच्या पेंटॅक्सच्या लेन्स बसत. जुन्या लेन्सला आपली ओळख सांगता येत नाही, म्हणून हा कॅमेरा मालकालाच विचारायचा, 'फोकल लेंग्थ किती?' तो आकडा भरला, की सेन्सर किती सरकवायचा याचा हिशेब जुळायचा. मघाचं ०.०९ आणि ०.९ चं गणित ते हेच. पुढच्या वर्षी ऑलिंपसही ई-५१० घेऊन याच पंगतीत बसला.

म्हणजे एका बाजूला सोनी, पेंटॅक्स, ऑलिंपस आणि दुसऱ्या बाजूला कॅनन, निकॉन अशी विभागणी झाली. बॉडीवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. सुविधेचे पैसे एकदाच द्या, मग कोणतीही लेन्स लावा. लेन्सवाल्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. त्यांचा पहिला मुद्दा होता लांब लेन्सचा. भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्याच्या पाचशेच्या लेन्समध्ये प्रतिमा पन्नासच्या लेन्सपेक्षा दहापट सरकते. सेन्सर सरकून सरकून किती सरकणार? उलट लेन्समधला भिंगांचा गट त्या एकाच लेन्सच्या गरजेनुसार बेतलेला असतो. दुसरा मुद्दा दिसण्याचा. एसएलआरमध्ये आपण पाहतो ते लेन्समधून आरशावर आणि आरशावरून डोळ्यापर्यंत आलेलं चित्र. लेन्समध्येच कंप सावरला, तर डोळ्यालाही चित्र स्थिर दिसतं आणि पक्षी चौकटीत धरून ठेवता येतो. सेन्सर सरकतो तो आरशामागे. डोळ्याला त्याचा काही उपयोग नाही.

हे दोन्ही मुद्दे खरे होते. पण लेन्सच्या बाजूला एक उणीव होती आणि ती निसर्गनियमाची होती. बटण दाबताना कॅमेरा नुसता वरखाली कलत नाही. तो घड्याळाच्या काट्यासारखा किंचित फिरतोही. लेन्स असते गोल. गोल ताटली जागच्या जागी फिरवली तर काय बदलणार? हे फिरणं लेन्समधल्या भिंगांना सावरता येत नाही. सेन्सर मात्र चौकोनी. तो उलट फिरवला की काम होतं.

नंतरच्या काळात लेन्सवाल्यांचा दुसरा मुद्दा आपोआप गळून पडला. २००८ पासून आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस कॅमेरे आले. त्यांत डोळ्याला दिसतं ते सेन्सरनेच टिपलेलं चित्र. सेन्सर स्थिर, तर दिसणंही स्थिर. २०१२ मध्ये ऑलिंपसच्या ई-एम५ मध्ये पाच प्रकारच्या हालचाली सावरणारा सेन्सर आला. वरखाली कलणं, डावं-उजवं कलणं, काट्यासारखं फिरणं, आणि शिवाय कॅमेरा सबंधच्या सबंध वर-खाली किंवा बाजूला सरकणं. २०१४ मध्ये सोनीने आपल्या अल्फा ७ मार्क दोनमध्ये हीच सोय ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरला दिली. मग २०१८ मध्ये निकॉनने झेड ६ आणि झेड ७ मध्ये सरकता सेन्सर स्वीकारला. आणि २०२० मध्ये आर ५ आणि आर ६ या कॅमेऱ्यांत कॅननने. १९९५ ला लेन्सचा झेंडा रोवणारी कंपनी पंचवीस वर्षांनी बॉडीच्या पंगतीत येऊन बसली.

मग लेन्सवाले हरले का? तसं म्हणता येणार नाही. लांब लेन्सबाबतचा त्यांचा मुद्दा शेवटपर्यंत टिकला. म्हणूनच पॅनासोनिकने २०१५ मध्ये जीएक्स८ मध्ये आणि ऑलिंपसने २०१६ मध्ये ई-एम१ मार्क दोनमध्ये दोन्ही यंत्रणा एकमेकींशी बोलत्या केल्या. लेन्स आणि बॉडी कामाची वाटणी करून घेऊ लागल्या. कॅननने २०२० मध्ये आठ स्टॉपपर्यंतचा दावा केला तो या दोघींच्या जोरावर. आठ स्टॉप म्हणजे वेळ २५६ पट. दोन स्टॉपपासून आठ स्टॉपपर्यंतचा हा प्रवास कुणा एकीचा नाही.

याच प्रवासात एक मजेची अडचण उभी राहिली. २०१६ मध्ये ऑलिंपसकडून सांगण्यात आलं, की साडेसहा स्टॉपच्या आसपास एक नैसर्गिक मर्यादा येते, आणि ती म्हणजे पृथ्वीचं फिरणं! पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपण अगदी दगडासारखे उभे राहिलो तरी जायरोला ते फिरणं जाणवतं आणि हातच हलला असं समजून तो नको तेव्हा दुरुस्ती करू पाहतो. गंमत अशी, की फ्रान्सच्या फुको यांनी १८५२ मध्ये जायरोस्कोप बनवला तोच मुळी पृथ्वी फिरते हे दाखवण्यासाठी. ज्या कामासाठी यंत्र जन्मलं, तेच काम दीडशे वर्षांनी त्याची चूक ठरलं. अर्थात इंजिनिअर मंडळी तिथेही थांबली नाहीत. २०१९ पर्यंत ऑलिंपसने साडेसात स्टॉपचा आकडा गाठला होता.

खिशातल्या फोनमध्येही हाच इतिहास थोडक्यात पुन्हा घडला. २०१२ च्या नोकिया लुमिया ९२० मध्ये कंप सावरला तो लेन्सच्या बाजूने. २०२० च्या आयफोन १२ प्रो मॅक्समध्ये सरकू लागला तो सेन्सर. आज संध्याकाळच्या आरतीचा फोटो फोनवर स्वच्छ येतो, तेव्हा आपल्याला हे काही आठवत नाही, आणि आठवण्याचं कारणही नाही.

एक गोष्ट मात्र आजही लक्षात ठेवावी लागते. ही सगळी यंत्रणा सावरते तो आपला हात. समोर धावणाऱ्या नातवाला ती थांबवू शकत नाही. त्याला टिपायचं तर शटर लवकरच बंद करावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. कॅमेरा घेताना दुकानदार स्टॉपचे आकडे सांगेल, तेव्हा आपण आपल्याला एवढंच विचारावं, की आपण टिपणार काय? देवघर, देऊळ, घरातली माणसं आणि हाताशी जुन्या लेन्स असतील, तर बॉडीतली स्थिरता कामाची. दूरचे पक्षी असतील, तर लेन्समधली विसरून चालणार नाही.

आता काकांचं सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी मी एक जुना, सेकंडहँड अल्फा कॅमेरा घेतला. काकांच्या कपाटातली ती पन्नासची लेन्स काढली, बुरशी नाही ना ते पाहिलं आणि लावली. खट् आवाज करून ती बसली. गौरींचे दिवस होते, तिन्हीसांज झाली होती आणि घरात समईचा तेवढा उजेड. कॅमेरा काकांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने भिंतीला पाठ टेकली, कोपर पोटाशी धरलं, अर्धा श्वास सोडला. एक-दशांश सेकंद. असे चार फोटो काढले. त्यातले तीन हलले. यंत्र झालं तरी ते किती सावरणार? पण चौथ्यात गौरीच्या नथीचे मोती मोजता येत होते.

काकांनी तो फोटो मागच्या छोट्या पडद्यावर पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. मग कॅमेरा मला परत न करता गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "बसा रे सगळे ओळीने. एक ग्रूप काढू."

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)